लायनर फक्त बिलावर

लीड्समधील आमच्या जुन्या विटांच्या घरात बैठकीच्या खोलीत मूळची शेकोटी होती. तिच्या पोकळीत ५ किलोवॉटचा लाकडाचा स्टोव्ह बसवण्याचे काम आम्ही एका कारागिराला दिले. इंग्लंडमध्ये येऊन असे घर घेणाऱ्या आपल्या लोकांना धुराड्याची माहिती बहुधा नसते, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

कारागिराच्या गाडीवर 'हेटास' या, असे स्टोव्ह बसवणाऱ्या कारागिरांच्या नोंदणी योजनेचे चिन्ह होते. अंदाजपत्रकात धुराड्याच्या शेंड्यापर्यंत ९०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे लवचीक लायनर (म्हणजे धुराड्याच्या आतून सोडायची, धूर वाहून नेणारी नळी), धूर-चाचणी आणि प्रमाणपत्र अशा तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. काम एका दिवसात उरकले. स्टोव्हच्या वर धुराड्याचे तोंड बंद करणारा पोलादी पत्रा, ज्याला येथे रजिस्टर प्लेट म्हणतात, तो एकदा बसला की वर काय आहे ते घरमालकाला दिसत नाही. या धंद्यातील लबाडी बहुतेक त्या पत्र्याच्या वरच लपते. धुराडे तपासण्यासाठी त्या पत्र्यात उघडता येणारी झडप ठेवायची असते. आमच्याकडे ती नव्हती, आणि 'तिची गरज नाही, त्यातून थंड हवा येते' असे आम्हाला अगदी आत्मविश्वासाने सांगण्यात आले.

थंडीत एका रात्री वरच्या शयनगृहातील कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. स्टोव्ह खाली आणि अलार्म वर, हे प्रथम विचित्र वाटले. परंतु धुराडे त्याच खोलीच्या भिंतीतून वर जाते, आणि जुन्या चुन्याच्या सांध्यांना भेगा असल्या की रंग-वास नसलेला हा वायू त्यांतून खोलीत शिरतो. आम्ही खिडक्या उघडून घराबाहेर पडलो. नंतर धुराडे झाडणाऱ्या अनुभवी माणसाने पत्रा काढून कॅमेरा वर सोडला, तेव्हा लायनरचा जेमतेम मीटरभर तुकडा लोंबकळत असलेला दिसला. त्यापुढे नुसत्या विटा. छपरावरून पाहणाऱ्याची खात्री पटावी म्हणून वरच्या टोकालाही एक तुकडा खोचलेला होता, आणि ही हुशारी मला सर्वांत संतापजनक वाटली.

प्रत्येक धुराड्याला लायनर हवेच, असा नियम नाही. धुराडे धड असल्याचे चाचणीने सिद्ध झाले, तर त्याशिवायही चालते. येथे मात्र लायनरचे पैसे घेतले गेले आणि चाचणी झालीच नाही.

प्रमाणपत्रावरील क्रमांक हेटासच्या संकेतस्थळावर शोधला, तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. नोंदणीकृत कारागीर आपल्या कामाचे प्रमाणपत्र स्वतः देऊ शकतो. नोंदणी नसेल, तर काम सुरू होण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाला कळवावे लागते. म्हणून क्रमांक गाडीवरून किंवा कार्डावरून न घेता नाव स्वतः यादीत शोधावे, आणि तेथे दिलेल्या दूरध्वनीवरच बोलून हाच माणूस येणार आहे का, ते विचारावे. लायनर वरून खाली उतरवतानाची छायाचित्रे मागावीत आणि पत्रा बसण्यापूर्वी स्वतः पाहावे. स्टोव्ह असलेल्या खोलीत, त्यापासून १ ते ३ मीटर अंतरावर, अलार्म बसवणे हा त्या कामाचाच भाग आहे. 'तो तुम्ही नंतर आणा' असे आमच्या कारागिराने सांगितले होते. दार बंद ठेवून वापरायच्या स्टोव्हपुढे न जळणारा चौथरा निदान २२५ मिलिमीटर पुढे आलेला असावा लागतो, आणि हे मोजायला साधी टेप पुरते.

कारागिराचा दूरध्वनी आता बंद आहे. तक्रार सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीची दखल घेणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे, गेली आहे. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने दिलेली होती, हे मात्र उपयोगी पडले. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या व्यवहारात काही भागच कार्डाने दिला असला, तरी पूर्ण व्यवहारासाठी कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. त्यामुळे रोख दिलेल्या रकमेच्या पावतीसह, कॅमेऱ्यातील छायाचित्रे जोडून, आम्ही पूर्ण रकमेचा दावा कंपनीकडे केला आहे.