सोयाबीनमधले कामगंध सापळे: पूर्ण हंगाम वापरून आलेला अनुभव

या खरिपात वाशीमकडच्या आमच्या सोयाबीनमध्ये तंबाखूवरच्या अळीसाठी (स्पोडोप्टेरा) कामगंध सापळे लावले होते, आता मळणी झाली, जरा मोकळा झालो म्हणून लिहितोय. सापळ्याने अळी मरत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी (ल्युअर) असते, त्या वासाला भुलून फक्त नर पतंग येतात, तेपण त्याच एका जातीचे, त्यामुळे "सापळे लावले की फवारा बंद" असं कोणी म्हणत असेल तर सोडून द्या.

फायदा हा की अळी कधी येणार ते आधी कळतं. हेक्टरी ५ सापळे लक्ष ठेवायला पुरतात, सलग दोन-तीन रात्री सापळ्यामागे ८-१० पतंग पडले की अंडी पडणार समजायचं आणि ओळीओळीने फिरून पानं उलटी करून बघायची, भुरकट केसाने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसतो, नुकत्या निघालेल्या अळ्या तर एकाच पानावर घोळक्याने खातात अन पानाची पार जाळी करतात, ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शेकडो अळ्या खल्लास, औषधाला रुपया नाही. एकदा पांगल्या आणि मोठ्या झाल्या की दिवसा ढेकळाखाली लपतात, मग मारत बसा. आम्ही मीटरभर ओळीत ३-४ अळ्या दिसल्या तेव्हाच क्लोरॅनट्रॅनिलीप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक, १० लिटर पाण्याला ३ मिली मारलं. २००८ ला याच अळीने विदर्भात सोयाबीन फस्त केलं होतं, क्रॉपसॅप (किडींवर लक्ष ठेवून सल्ला देणारी सरकारी योजना) त्यानंतरच सुरू झालं.

सोयाबीनच्या खोडमाशी आणि चक्रीभुंगा ह्या दुसऱ्या किडींना मात्र सापळा शून्य कामाचा. शेंडा सुकलेला दिसला आणि देठावर दोन गोल खाचा असल्या तर चक्रीभुंगा, खोड उभं चिरल्यावर आत लालसर नळी दिसली तर खोडमाशी, ह्यांच्यासाठी बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं) आणि रोज शेतात पाय ठेवणं एवढंच. उंटअळीचे पतंगपण ह्यात येत नाहीत.

सापळा म्हणाल तर नरसाळं मजबूत आहे पण खालची प्लास्टिक पिशवी वाऱ्याने फाटते, पावसाचं पाणी साचतं, सारखं बघावं लागतं. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवा, पिकाच्या फूटभर वर पाहिजे. ल्युअर साधारण तीन आठवड्यांनी बदलायचं, आणि घेताना पाकिटावर स्पोडोप्टेरा लिहिलंय का ते वाचूनच घ्या, मला एका दुकानातून घाटेअळीचं हातात दिलं होतं.