पान, शेंडा की पिल्लू : घरच्या सक्युलंटची छाटणी आणि अभिवृद्धी

रोपवाटिकेतून आणताना गुलाबाच्या फुलासारखा घट्ट आणि बसका दिसणारा एचेव्हेरिया हा सक्युलंट (मांसल पानांत पाणी साठवणारी वनस्पती) पावसाळ्याचे चार महिने अपुऱ्या उजेडात राहिला की नवरात्रापर्यंत उंच आणि विरळ होतो. पानांमधले अंतर वाढते आणि खालचा दांडा उघडा पडतो. लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. नंतर कितीही ऊन दिले तरी सुधारते ती फक्त पुढची वाढ. म्हणून छाटणी करावीच लागते, आणि ती करण्याआधीच ठरवावे लागते की नवे रोप पानापासून करायचे, शेंडा लावायचा, की बुडाशी येणाऱ्या पिल्लांची वाट पाहायची. या निवडीत पद्धतीच्या गुणदोषांपेक्षा कुंडीत कोणती वनस्पती आहे याला अधिक महत्त्व आहे. तिन्ही मार्ग खुले असतील तर मात्र माझा कौल शेंड्याला आहे आणि पानाचा क्रमांक शेवटचा.

पानाची पद्धत सर्वांत मोहक वाटते, कारण तिला खर्च नाही आणि एका रोपापासून डझनभर रोपे होतील असा हिशेब मनात सहज मांडता येतो. एचेव्हेरिया, सेडम आणि ग्राप्टोपेटालम यांच्या बाबतीत ती चालतेही. (ग्राप्टोपेटालमच्या घरोघरी दिसणाऱ्या राखाडी-गुलाबी जातीच्या नावात पॅराग्वे असले तरी ती मूळची मेक्सिकोची.) खालचे, पूर्ण वाढलेले, भरदार पान दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवावे, म्हणजे ते बुडासकट सुटते, नवा कोंब त्या बुडातूनच फुटत असल्यामुळे अर्धवट तुटलेले पान टाकून दिलेले बरे. सुटलेली पाने कुंडीतल्या कोरड्या मिश्रणावर नुसती आडवी ठेवावीत, पुरू नयेत. दोन ते चार आठवड्यांत बुडाशी दोऱ्यासारखी गुलाबी मुळे दिसू लागतात आणि त्यांच्याजवळ मोहरीएवढ्या पानांचे चिमुकले रोप आकार घेते; मूळ पान त्याला आपले पाणी देत देत सुरकुतते आणि शेवटी कागदासारखे वाळते. ते आपणहून गळेपर्यंत ओढून काढू नये. हे सारे पाहण्यात आनंद आहे यात शंका नाही, पण काही पाने कुजतात, काहींना भरपूर मुळे येऊनही कोंब कधीच फुटत नाही, आणि जी जगतात त्यांना विकतच्या रोपाएवढे व्हायला साधारण वर्ष लागते. ज्याला पाहण्यात रस आहे त्याने पाने जरूर लावावीत; ज्याला खिडकीतली रिकामी कुंडी भरायची आहे त्याने त्यांच्यावर विसंबू नये.

शिवाय पान सगळ्यांचे लागत नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेवर रोपे फुटतात हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे कोणतेही मांसल पान मातीत टोचले की रुजेल, असा समज होतो. कोरफडीचे पान असे टोचले तर ते जवळजवळ नेहमीच सडते. जेडच्या बाबतीत घोटाळा वेगळा आहे. खरे जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. त्याच्या पानापासून रोप होते. मात्र आपल्याकडील रोपवाटिकांत जेड म्हणून विकले जाते ते पुष्कळदा पोर्टुलाकारिया आफ्रा असते. लहान गोलसर पाने आणि तांबूस-तपकिरी फांद्या यांवरून ते ओळखता येते. दोन्ही दक्षिण आफ्रिकेचीच, पण दुसऱ्याचे पान लावून सहसा काही हाती लागत नाही. त्याची फांदी मात्र चटकन मूळ धरते.

शेंड्याच्या पद्धतीत छाटणी आणि अभिवृद्धी, म्हणजे नवी रोपे करणे, ही दोन कामे एकाच कापात होतात, आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे. लांबलेल्या एचेव्हेरियाचा शेंडा दोन-तीन सेंटिमीटर दांडा ठेवून, स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने कापावा आणि सावलीत, हवेशीर जागी कोरडा होऊ द्यावा. काप सुकून त्यावर कडक पापुद्रा येईपर्यंत, म्हणजे पातळ दांड्याला तीन-चार दिवस आणि जाड दांड्याला आठवडाभर, त्याला मातीचा स्पर्शही होऊ देऊ नये. सक्युलंटची कलमे मरतात ती बहुधा तहानेने नव्हे तर ओल्या जखमेतून शिरलेल्या बुरशीने. पानांतल्या साठ्यावर शेंडा मुळांवाचून कित्येक आठवडे तग धरतो. मुळे फुटल्यावर तो पहिल्या दिवसापासून पुरेशा आकाराचे, देखणे रोप असतो. इकडे कुंडीत उरलेल्या खुंटावर दोन-चार पाने राखली असतील तर त्यांच्या बेचक्यांतून एकाऐवजी अनेक कोंब येतात, आणि ते मोठे झाले की तेही कापून लावता येतात. पानांची हौस असेल तर शेंड्याचा दांडा मोकळा करताना निघालेली पाने आहेतच. जेड किंवा पोर्टुलाकारियाची फांदी छाटताना पेराच्या किंचित वर काप घ्यावा. तिथून बहुधा दोन फुटवे येतात आणि झाड दाट होते. रुजवण्याच्या पावडरीची यांना फारशी गरज पडत नाही.

पिल्लांविषयी थोडक्यात सांगण्यासारखेच आहे, कारण तिथे निवडीचा प्रश्न नसतो. कोरफड, हॉर्थिया, अगेव्ह यांना बुडाशी पिल्ले येतात आणि घरी त्यांच्या वाढीचा तोच खात्रीचा मार्ग आहे. पिल्लू आईच्या साधारण एक तृतीयांश झाले, त्याला स्वतःची मुळे आली, की कुंडी रिकामी करून ते वेगळे करावे. त्याआधी घाई केली तर मुळे नसलेले पिल्लू हाती येते आणि वेगळेपणाचा फायदाच उरत नाही. कुंडी उपसली आहे तेव्हा मुळांवर आणि पानांच्या खाचांत पांढरा पिठ्या ढेकूण आहे का, हेही पाहून घ्यावे.

सान्सेव्हेरियात (स्नेक प्लांट) पान लावणे आणि गड्डा विभागणे हे दोन्ही मार्ग खुले आहेत, पण परिणाम वेगळा आहे. पिवळ्या काठाच्या सान्सेव्हेरियाचे पान कापून लावले तर रुजते, पण त्यातून येणारी रोपे नुसती हिरवी निघतात. काठ हवा असेल तर गड्डा विभागूनच लावावे. पानांचे तुकडे करायचेच असतील तर प्रत्येकाच्या खालच्या बाजूला खूण करावी, कारण उलटा लावलेला तुकडा रुजत नाही.

मुहूर्ताबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात आणि मुंबईत तर नकोच, पुण्या-नाशिककडेही कापाकापी टाळावी; ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ पान, शेंडा आणि पिल्लू तिघांनाही मानवतो. मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी ठेवून जाड वाळू, विटांचा चुरा किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) निम्म्याहून अधिक घ्यावे.

फुगीर बुंध्याचे, फुलांसाठी लावले जाणारे अडेनियम या वेळापत्रकाला अपवाद आहे. थंडीत ते सुस्त असते, म्हणून त्याची छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, ऊन तापू लागल्यावर करावी. त्याची फांदी रुजते, पण बियांपासून वाढलेल्या झाडाचा फुगीर बुंधा तिला तसा येत नाही. ज्याला बुंध्याचीच हौस आहे त्याने बी पेरावे. विकतचे दुहेरी फुलांचे अडेनियम सहसा कलमी असते, तेव्हा काप नेहमी कलमाच्या सांध्याच्या वर घ्यावा आणि सांध्याखालून आलेले फुटवे खुडून टाकावेत, नाहीतर वर्षभरात फुले दुसऱ्याच रंगाची येऊ लागतात. त्याचा चीक विषारी असतो. हातमोजे घालावेत, पाते लगेच धुवावे आणि छाटलेले तुकडे मुले किंवा मांजरे पोहोचतील अशा जागी ठेवू नयेत.