केबल की वाय-फाय?

कॉम्प्युटर एकाच टेबलावर कायम राहणार असेल, तर मी डोळे झाकून केबल सुचवेन. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत साधी कॅट ५ई प्रकारची इथरनेट केबल टाकली, तरी १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग मिळू शकतो. (अर्थात बाहेरून येणारं कनेक्शनच १०० मेगाबिटचं असेल, तर केबल बिचारी काय करणार!) केबलमधून डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतो.

वाय-फायचं तसं नाही. एका चॅनलवरच्या, म्हणजे लहरींच्या एकाच वाटेवरच्या, सगळ्या उपकरणांना आळीपाळीनं बोलावं लागतं, त्यात शेजाऱ्यांचे राउटरही आले. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचतात, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही लुडबुड असते. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त, पण दोन भिंती मध्ये आल्या की सिग्नल मान टाकतो. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो तो बऱ्याचदा यामुळेच. वेग कमी म्हणून नव्हे, डेटाची पाकिटं उशिरा किंवा अडखळत पोहोचतात म्हणून.

लॅपटॉप घेऊन खोलीखोलीत फिरणाऱ्यांना मात्र वाय-फायच हवं. पासवर्ड भक्कम ठेवा, राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची पद्धत, ती नसेल तर डब्ल्यूपीए२ निवडा. आणि राउटर कपाटात कोंडू नका. नव्या पातळ लॅपटॉपना इथरनेटचं पोर्ट अनेकदा नसतंच. त्यांना केबल जोडायची तर यूएसबी अडॅप्टर लागतो.