बेघर निवारा केंद्र : सोय चांगली, पण कुटुंबासाठी अपुरी

पुलाखाली राहणाऱ्या एका कुटुंबाला घेऊन मी आमच्या शहरातील महापालिकेच्या निवारा केंद्रात गेले, तेव्हा धुतलेल्या चादरी, गरम पाणी आणि काळजीवाहकाची आपुलकी पाहून मन निवले. परंतु स्त्री-पुरुषांचे कक्ष वेगळे असल्याने वडिलांना वरच्या मजल्यावर जावे लागले आणि धाकटी मुलगी त्यांची पिशवी छातीशी धरून दिवे मालवेपर्यंत जिन्यातच बसून राहिली. शहरी गरिबांसाठी केंद्र सरकारने राबवलेल्या आणि २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायम निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र निवाऱ्याचीही तरतूद होती. ती लक्षात घेऊन महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात निदान चार कौटुंबिक खोल्यांसाठी निधी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.