जपानचा माऊसपॅड आणि जहाजावरचा भाऊ

गोव्यात एखादी वस्तू जहाजावरून आलीय म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. वाड्यावर एखादा तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतोच. सुगंधी साबण, चॉकलेटं, कॅमेरे, घड्याळं असं बरंच काही आपल्याकडे वर्षानुवर्षं त्यांच्या बॅगेतून आलंय. बिल नसणं, खोका नसणं, किमतीचं लेबल नसणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला माऊसपॅड विकणाऱ्याने नेमकं याच सवयीचं भांडवल केलं. त्याची पद्धत इथे सविस्तर लिहितो, कारण तोच माणूस, किंवा त्याच पद्धतीचा दुसरा कुणी, अजून गेमिंगच्या ग्रुपांवर फिरतोय.

आधी एक शंका दूर करतो. साडेपाच हजारांचा माऊसपॅड कोण घेतो, असं आमच्या घरातही विचारून झालंय. ऑफिसच्या कामाला साठ रुपयांचा पॅडही चालतो, टेबलावर नुसता माऊस फिरवला तरी चालतो. नेमबाजीच्या खेळात तसं भागत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये माऊस ८०० डीपीआयवर (इंचभर सरकवल्यावर माऊस किती टप्पे मोजतो तो आकडा) आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्या हालचालीवर नजर किती वळते ते, १ वर ठेवली, तर गोल फिरून पुन्हा समोर यायला माऊस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. मागून कुणी आलं आणि अर्धं वळायचं झालं तरी २६ सेंटिमीटर लागतात. म्हणजे मनगटाने भागत नाही, कोपरापासून हात फिरवावा लागतो. लॉजिटेकचा जी ६४० हा ४६० बाय ४०० मिलिमीटरचा पॅड किंवा स्टीलसीरिजचा ४५० बाय ४०० चा क्यूसीके हेवी बघा, मापं सगळी याच आसपासची सापडतील. त्यापेक्षा लहान पॅड घेतला की ऐन मोक्याच्या वेळी माऊस कडेवरून खाली उतरतो.

मापानंतर प्रश्न येतो पृष्ठभागाचा. कापडी पॅडमध्येही काहींवर माऊस सुळकन जातो, काहींवर थोडा अडतो आणि हवा तिथे थांबतो. पहिल्याला स्पीड म्हणतात, दुसऱ्याला कंट्रोल. आर्टिसन ही जपानी कंपनी यात नावाजलेली आहे. झीरो, हिएन, रायडेन अशी तिची मॉडेलं आहेत आणि प्रत्येकात खालचा थर किती मऊ हवा तेही निवडता येतं: एक्ससॉफ्ट, सॉफ्ट, मिड. मला झीरो हवा होता, एक्सएल मापाचा, सॉफ्ट. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, मिळाला तर महाग. सगळी गोष्ट इथून सुरू झाली.

गोव्यातल्या खेळणाऱ्या पोरांच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. भाऊ जहाजावर आहे, जपानात योकोहामाला थांबतो, येताना पॅड आणतो. किंमत ऑनलाइनपेक्षा कमी, पण संशय यावा इतकी कमी नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण 'फारच स्वस्त असेल तर समजून जा' हा सल्ला इथे कुचकामी ठरला. भामटा किंमत बघूनच ठरवतो. मी विचारपूस केली तर माणूस एकदम जाणकार निघाला. माझी सेन्सिटिव्हिटी विचारली, माऊसखालचे स्केट्स, म्हणजे तळाच्या गुळगुळीत पट्ट्या, कुठल्या ते विचारलं, हिएन घेऊ नको, तुझ्या खेळाला खरखरीत वाटेल, असंही म्हणाला. विकायला बसलेला माणूस महागडी वस्तू नाकारतोय म्हटल्यावर विश्वास बसणारच. पॅडवर माऊस फिरतानाचा व्हिडिओ पाठवला, आपल्याच घरी काढलाय म्हणाला.

निम्मे पैसे आगाऊ, निम्मे हातात माल पडल्यावर. यूपीआयवर नाव दुसऱ्याच बाईचं आलं. 'वहिनीचं खातं, भाऊ बोटीवर असतो ना.' याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भावापाशी येऊन थांबायचं, आणि भाऊ भर समुद्रात.

माल द्यायला त्याने म्हापसा ठरवलं, तेही शुक्रवारी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. गाडी लावायला जागा नाही, मागून हॉर्न, एका बाजूला रोपं विकायला मांडलेली, दुसऱ्या बाजूला कुणी तुमच्याच आरशाला पिशवी घासत चाललेलं. तो स्वतः आलाच नाही, एक पोरगा पाठवला. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सुरळी. खोका कुठेय? 'बॅगेत मावेना म्हणून तिथेच टाकला.' बघून घ्या, म्हणाला. पण माऊसपॅड रस्त्यात उभं राहून काय बघणार? कापड दिसतं, कोपऱ्यातला लोगो दिसतो. माऊस हातात धरून, खेळ लावून बघितल्याशिवाय त्या वस्तूतलं काही कळत नाही, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

घरी आणून अंथरला. पहिली गोष्ट वास. टायरच्या दुकानात येतो तसा, डोकं धरणारा. पंख्याखाली ठेवला तरी जाईना. खेळायला बसलो तर माऊस आडवा नीट सरके, उभा अडखळे. कडेची शिवण पॅडच्या वर आलेली, दोरा जाड आणि ताठ. तासभरात हाताच्या आतल्या बाजूला लाल ओरखडा उठला. मेसेज केला.

आता त्याचं उत्तर ऐका. 'पात्रांव, पावस आसा. कापड दमट जाता.' म्हणजे मालक, पाऊस आहे, कापड दमट होतं.

हे खोटं नाही, हीच तर गंमत आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कापडी पॅड दमट झाला, वर हाताचा घाम लागला, की माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. अस्सल पॅडलाही हा त्रास होतो. म्हणून इथले बरेच जण पावसाळ्यात हातावर बाही चढवतात, काही जण काचेच्या पॅडवर जातात. त्या माणसाने आयुष्यात एकही अस्सल पॅड विकला नसेल, पण ही माहिती त्याची पक्की होती आणि ती तो ढालीसारखी वापरत होता. पुढचं उत्तर: नवा पॅड थोडे दिवस वापरल्यावर बसतो. हेही काही प्रमाणात खरं. वास? रबर नवं आहे. पटण्यासारखं. मग त्याने सांगितलं, थंड पाण्यात शॅम्पू टाकून हाताने धू, सावलीत आडवा वाळव. कापडी पॅड धुण्याची रीत खरोखर हीच आहे.

धुतला. बादलीतलं पाणी काळं झालं आणि कोपऱ्यातल्या लोगोची अर्धी अक्षरं माझ्या अंगठ्याला चिकटून आली. फोटो पाठवला तर उत्तर तयार: 'धुतलेला माल परत घेत नाही.' धुवायला सांगणारा तोच. धुण्याच्या सल्ल्याचा मेसेज तेवढ्यात त्याने माझ्याही चॅटमधून पुसून टाकला होता.

डिचोलीच्या एका मित्राकडे तोच झीरो आहे, बिलासकट घेतलेला. त्याच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. मित्राचा पॅड टेबलाला धरून बसलेला, उचलायला कोपऱ्यातून सोलावा लागला. माझा करंगळीने ढकलला तरी सरकत होता. त्याच्या कडेची शिवण पृष्ठभागाच्या खाली दबलेली, बोट फिरवलं तरी टोचत नाही. मी वेर्ण्याला कारखान्यात तपासणी विभागात आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी पॅड डब्याच्या पिशवीतून कामावर नेला आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावला. एका कोपऱ्याला अडीच मिलिमीटर, समोरच्या कोपऱ्याला तीनच्या वर. आमच्याकडे असा तुकडा आला असता तर थेट नापास मालाच्या लाल पेटीत गेला असता. व्हिडिओ मित्रानेच पुन्हा नीट पाहिला. मागच्या भिंतीवर तीन चपट्या पिनांचं इंग्लंडातलं सॉकेट दिसत होतं. गोव्यातलं घर म्हणे.

तक्रारीचं काय झालं? आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथे लवकर कळवलं तर पैसे समोरच्या खात्यातच अडवता येतात, त्यातल्या पहिल्या काही तासांना मोल असतं. मी कळवलं तोवर खातं केव्हाच रिकामं झालं असणार. दमट हवा, नवं रबर, शॅम्पू, या सगळ्याचा उपयोग त्याला एवढाच होता: वेळ काढायचा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोललो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. ऐकायला छान. पण दुकान नाही, बिल नाही, पत्ता नाही; नोटीस कुणाच्या नावाने काढायची? त्या खात्यावरच्या बाईच्या? ती कोण, तिला तरी यातलं काही माहीत आहे का, देव जाणे. खोटा ट्रेडमार्क लावून माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, तेही पोलिसांना दिलेल्या अर्जात लिहिलंय. पोच मिळाली आहे.

ज्यांना असा पॅड घ्यायचाच आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की विकणाऱ्याच्या ज्ञानावर जाऊ नका, वेष्टणावर जा. परदेशी माल रीतसर आयात झाला असेल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला ते, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. बॅगेतून आणलेल्या मालावर हे नसणार, कबूल. पण मग निदान जपानी दुकानाची पावती आणि खोका मागा. खरोखर जहाजावर जाणारी माणसं आपल्या ओळखीत असतातच, ती पावती जपून ठेवतात, कस्टमला दाखवावी लागेल म्हणून. 'खोका टाकला' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. माल रस्त्यात घेऊ नका. आपला माऊस आणि लॅपटॉप घेऊन कुठल्यातरी हॉटेलात बसा, चहा सांगा, टेबलावर अंथरून दहा मिनिटं आडवा-उभा फिरवून बघा. यूपीआयवरचं नाव आणि समोरच्याचं नाव जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा, मग वहिनी असो की मावशी. आणि संशय आला की पॅड धुण्याआधी त्याचे फोटो काढा, मेसेजांचे स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे धुण्याच्या सल्ल्याचा स्क्रीनशॉट आहे तो केवळ मित्राला 'हे बघ काय सांगतोय' म्हणून पाठवला होता, म्हणून.

त्याऐवजी घेतलाय तो साधा कापडी, म्हापशाच्याच दुकानातून, बिलासकट, किंमत निम्म्याहून कमी. पावसाळ्यात तोही जड चालतो, मी बाही घालतो. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने त्या माणसाला काढलं. चतुर्थीच्या आधी दुसऱ्या ग्रुपवर नव्या नावाने काचेचे पॅड आलेत, 'भाऊ कोरियाहून आणतोय', आणि खाली पैसे पाठवायला तेच वहिनीचं खातं.