टिमोथीच्या नावाखाली चक्क काड पाठवलं, ससे गिनी पिग वाल्यांनी वाचा

टिमोथी, म्हणजे ससे आणि गिनी पिगना खायला देतात ते वाळलेलं गवत, ऑनलाइन मागवत असाल तर जरा थांबा. फोटोत हिरवंगार, मऊ पानांचं, वर लिहिलेलं 'सेकंड कट, फ्रेश', म्हणजे दुसऱ्या कापणीचं, ताजं. पाकीट आलं तेव्हा पुढच्या पारदर्शक भागातून पण अगदी तसंच दिसत होतं, आणि खरी लबाडी तिथेच होती, कारण तेवढ्या भागाला चिकटून चांगल्या गवताचा पातळ थर लावलेला आणि मागे सगळं पिवळं, जाड, चकचकीत काड, तळाला भुकटी. हात घातला तर कुबट वास. सशाने हुंगलं, शिंकला आणि निघून गेला.

तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर काय, "फर्स्ट कट असंच जाडसर असतं मॅडम, फायबर जास्त असतं." अर्धं खरं आहे ना हे, म्हणूनच माणूस गप्प बसतो. फर्स्ट कट, म्हणजे पहिल्या कापणीचं गवत, जाड आणि काड्यांचं असतं, मोठ्या सशाला चालतंही. पण मुळात लिहिलंय सेकंड कट! आणि फर्स्ट कट टिमोथी म्हणावं तर त्यात बाटली धुवायच्या ब्रशसारखी लांबट कणसं दिसायला हवीत, इथे शोधून एक सापडलं नाही, सापडल्या त्या दाणे झोडून घेतलेल्या रिकाम्या ओंब्या. असलं काड कोरडं आणि स्वच्छ असेल तर खाली अंथरायला ठीक, पण रोजचं खाणं म्हणून त्यात पोषण फारच कमी.

मोठ्या सशाच्या खाण्यात ८०% च्या आसपास तर गवतच असतं, दात आयुष्यभर वाढत राहतात ते गवत चावूनच झिजतात, आणि गवत नको म्हणून ससा १०-१२ तास काहीच खात नसेल, लेंड्या बारीक किंवा बंद झाल्या असतील तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

नुसत्या हिरव्या रंगावर पण जाऊ नका हं. टिमोथीत लसूणघास म्हणजे अल्फाल्फा मिसळला तरी पाकीट मस्त हिरवं दिसतं. तो ६-७ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना चांगला, पण मोठ्यांना रोज दिला तर कॅल्शियम जास्त होतं, लघवीत पांढरा गाळ येतो, खडे होऊ शकतात. गिनी पिगचं पण तेच. उलट बाहेरून थोडं पिवळट पण आतून हिरवट असेल तर बिनधास्त घ्या, उन्हाने वरचा थर उडतोच, वास तेवढा ताज्या गवताचा हवा. काळे ठिपके, पांढरी पावडर किंवा ओलसरपणा दिसला तर मात्र झटकून, वाळवून वापरायच्या फंदात पडू नका, बुरशी अशी जात नाही.

परत घ्या म्हटलं तर म्हणे पाकीट उघडलंय. अरे, न उघडता आतलं काड दिसणार कसं? पाकीट फोडतानाचा व्हिडिओ होता आणि ओंब्यांचे जवळून फोटो काढून पाठवले, तेव्हा कुठे अर्धे पैसे देतो म्हणाला. पूर्ण मागितलेत, अजून आले नाहीत, आणि त्याच्या पेजवर तोच हिरवागार फोटो अजून आहे.