घरी बांधलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर : आठ महिन्यांनंतर

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, हा अँप्लिफायर दिवाळीच्या सुट्टीत जोडून संपवला, तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन-तीन तास वाजतोय. सर्किट साधंच : प्रत्येक बाजूला एक ईएल८४ (स्पीकरला पॉवर देणारा व्हॉल्व्ह), सिंगल एंडेड, म्हणजे जोडीदाराशिवाय एकटाच, आणि त्याच्या आधीच्या टप्प्यात एक ईसीसी८३ (सिग्नल वाढवणारा जोडव्हॉल्व्ह), अर्धा डाव्या बाजूला, अर्धा उजव्या. रेझिस्टर, सॉकेट, स्विच असा किरकोळ माल पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळाला. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधले आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र वाइंड करून घेतले आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच गेला. सिंगल एंडेडमध्ये प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून) सतत डीसी वाहतो, त्यामुळे कोअरमध्ये, म्हणजे आतल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये, बारीक फट (गॅप) लागते. वाइंडिंगवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने पट्ट्या उलटसुलट घालून गच्च बसवून देतो.

पॉवर एका बाजूला चार-पाच वॅट. शेजारचे काका म्हणाले, "एवढ्यात मिक्सरसुद्धा हलायचा नाही." माझ्या जुन्या ८४ डीबीच्या (डीबी जितके जास्त, तितका त्याच वॅटात आवाज मोठा) स्पीकरांवर काकांचं खरं निघालं, आवाज घुसमटायचा. ९२ डीबीचे लावले आणि दहा बाय बाराच्या खोलीत नॉब अर्ध्यावर जात नाही. आठ डीबीचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला सहापट वॅट. आधी स्पीकर बघा, व्हॉल्व्हचा ब्रँड नंतर.

खरी डोकेदुखी गुणगुणीची, म्हणजे गाण्यामागे स्पीकरमधून सतत येणाऱ्या बारीक आवाजाची. मला वाटत होतं, दोन फुटांवरून ऐकू येत नाही म्हणजे झालं. आई गाणं शिकलेली. काळी एकमध्ये (हार्मोनियमची ती पट्टी षड्ज धरून) भूप राग लागला होता, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मागे कोण रे धरून बसलंय? धड मध्यमही नाही, पंचमही नाही." हिशेब केला तर बरोबर! गुणगुण शंभर हर्ट्झची, म्हणजे सफेद पाचच्या किंचित वर. काळी एकच्या षड्जाला तो तीव्र मध्यमापेक्षा चढा आणि पंचमाला न पोचलेला. त्यात भूपाला मध्यमच नाही. यमन असता तर कदाचित आईने खपवून घेतलं असतं.

आवाज पन्नास हर्ट्झचा असता तर हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरी तपासल्या असत्या. शंभर म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरलेला रिपल (चढउतार), आणि पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह जोडीने लावल्यावर, तो बराचसा आपसात कटतो तसा इथे कटत नाही. फिल्टरमध्ये पैसे वाचवायला मी दोन कपॅसिटरच्या मध्ये नुसता रेझिस्टर टाकला होता. तो काढून दहा हेन्रीचा चोक (लोखंडी कोअरवरची कॉइल) बसवला आणि गुणगुण गेली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

मार्चमध्ये मात्र घाबरलो. दिवे गेले, आले, आणि अंधुक उजेडात डाव्या ईएल८४ची प्लेट मधोमध लाल दिसली. ताबडतोब बंद केला. मग मीटर लावून अगदी थोडा वेळ चालू केला : कॅथोडच्या दीडशे ओहमवर साडेसात व्होल्ट हवेत, निघाले अकरा. पन्नासच्या जागी त्र्याहत्तर मिलीअँपिअर. दोषी कपलिंग कपॅसिटर, म्हणजे दोन स्टेजच्या मध्ये बसून डीसी अडवणारा आणि फक्त गाणं पुढे सोडणारा! जुन्या बाजारात रविवारी उचललेल्या एका रेडिओतून "जुनं ते सोनं" म्हणत काढला होता. तो गळत होता, आधीच्या स्टेजचा डीसी थेट ग्रिडवर (व्हॉल्व्हचा करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीवर) येत होता. नवीन ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर दोन्हीकडे टाकले. व्हॉल्व्ह वाचला. जुन्या बाजारातून नॉब आणा, कपॅसिटर आणू नका.

बाकी किरकोळ. एप्रिलमध्ये खोलीत पंखा असूनही शेगडीजवळ बसल्यासारखं होतं. पावसाळा सुरू झाल्यापासून उजव्या सॉकेटमध्ये अधूनमधून खरखर येते, पिना पुसल्या की आठ-दहा दिवस गप्प. एसडी कार्डावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं, दोन्ही यावर गोड लागतं. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावू नका, चार वॅटात ढोलाची डबडी होते.

बंद केल्यावरही आत तीनशेच्या आसपास व्होल्ट टिकतात, म्हणून तो चार्ज हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावलाय, तरी हात घालण्याआधी मीटर लावतोच. वरची जाळी अजून व्हायचीय. भाची येणार असली की वायर काढून अख्खा अँप्लिफायर कपाटावर चढवतो, आणि ती गेली की पुन्हा खाली.